सत्तावीस कुटुंबे आणि एक भाषा

आयर्लंड हे नाव आपल्याकडच्या मागच्या पिढ्यांना परके नव्हते. 'होमरूल' हा शब्दच मुळी त्या बेटावरून आपल्याकडे आला. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली; त्याच आठवड्यात, २४ ते २९ एप्रिल या दिवसांत, डब्लिन शहरात ईस्टरचा सशस्त्र उठाव चालू होता. पुढे स्वतंत्रपणे होमरूल लीग काढणाऱ्या अ‍ॅनी बेझंट आयरिश वंशाच्या होत्या. स्वदेशीच्या चळवळीत आपल्या वृत्तपत्रांनी गाजवलेला 'बॉयकॉट' हा शब्दही तिकडचाच. मेयो परगण्यातील एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटवर १८८० साली कुळांनी, मजुरांनी आणि दुकानदारांनी मिळून बहिष्कार घातला, आणि त्या गृहस्थाचे आडनाव जगाच्या शब्दकोशात जाऊन बसले. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही १९३७ च्या आयरिश राज्यघटनेवरून घेतलेली आहे.

एवढी जुनी ओळख असूनही आयर्लंडच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. ते प्रकरण भाषेचे आहे. या देशाने साम्राज्याशी झुंज देऊन स्वराज्य मिळवले, भाषेला राज्यघटनेत पहिले स्थान दिले, शाळांतून ती सक्तीची केली; तरीही बहुसंख्य घरांत ती परतली नाही. महाराष्ट्राबाहेर चार-चार, सहा-सहा पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या प्रकरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे आम्हांस वाटते. आमची नोकरी महसूल खात्यात गेली. त्यामुळे जमिनीचे वाटप आणि माणसांचे पुनर्वसन यांच्याशी भाषेचे नाते जेथे जुळते, तेथे आमचे लक्ष साहजिकच अधिक रेंगाळते. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

प्रथम भाषेविषयी थोडेसे. आयरिश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातील स्वतंत्र भाषा आहे आणि त्या कुळामार्फत आपल्या आर्य भाषांशी तिचे दूरचे नाते लागते. तीनाला ती 'त्री' म्हणते आणि राजाला 'री'. तिच्या वाक्यांची घडण पाहिली तर मराठी माणसाला गंमत वाटेल. 'असणे' या अर्थाने मालकी दाखवणारे क्रियापद तिच्यात नाही. 'पुस्तक माझ्यापाशी आहे' अशाच पद्धतीने तेथे बोलावे लागते. 'होय' आणि 'नाही' यांना नेमके शब्द नाहीत. 'येतोस का?' असे विचारले तर 'येतो' किंवा 'येत नाही' असे क्रियापदच उत्तरादाखल द्यायचे. चौथ्या-पाचव्या शतकापासून ही भाषा 'ओगम' नावाच्या रेघांच्या लिपीत दगडांवर कोरलेली सापडते. ख्रिस्ती मठांच्या काळात तिच्यात लेखनाची मोठी परंपरा उभी राहिली.

बाराव्या शतकात, ११६९ पासून, इंग्लंडमधून नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरू लागले. ते जिंकण्यासाठी आले आणि पाहता पाहता तेथलेच झाले. त्यांनी आयरिश भाषा उचलली, आयरिश वेश घेतला, आयरिश घराण्यांशी सोयरीक केली. शेवटी १३६६ साली किल्केनी येथे सत्ताधाऱ्यांना कायदे करून बजावावे लागले, की इंग्रज वसाहतवाल्यांनी आपसांत आयरिश बोलू नये. कायदा कागदावर राहिला. वसाहतवाले आयरिश बोलतच राहिले. राजाश्रय, शिक्षा आणि हुकूम हे सारे बाजूस असूनही घराबाहेरची भाषा घरात कशी शिरते, याचे हे जुने उदाहरण आहे. आपण सारे वसाहतवाल्यांचेच वंशज आहोत, हे आठवून ते वाचावे.

पुढील तीन शतकांत चित्र उलटले. १६०७ साली उत्तरेकडील आयरिश सरदार देश सोडून गेले आणि त्यांच्या जमिनींवर १६०९ पासून इंग्रज व स्कॉटिश वसाहती बसवण्यात आल्या. क्रॉमवेलने १६४९ नंतर देश नव्याने जिंकला तेव्हा पूर्वेकडील सुपीक प्रांतांतील आयरिश जमीनमालकांच्या जमिनी जप्त झाल्या आणि त्यांना शॅनन नदीच्या पश्चिमेस, कॉनाक्ट या खडकाळ प्रांतात जाण्यास सांगण्यात आले. 'नरकात जा, नाहीतर कॉनाक्टात जा' ही म्हण त्या काळाची आठवण म्हणून तेथे आजही सांगितली जाते. कवींना आणि शास्त्री मंडळींना पोसणारी सरदार घराणी मोडली. आयरिश ही गरीब कुळांची भाषा उरली आणि इंग्रजी ही कचेरीची, न्यायालयाची, बाजाराची भाषा झाली.

तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयरिश बोलणारे लक्षावधी लोक होते. १८३१ साली सरकारी प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली, तिचे माध्यम इंग्रजी होते. अनेक भागांत मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पडे आणि दिवसाअखेर खाचा मोजून छड्या मिळत. यातली दुःखाची गोष्ट अशी, की पुष्कळदा घरी खाच पाडणारे हात आईबापांचेच असत. त्यांना आपल्या भाषेचा द्वेष नव्हता. मुलाला नोकरी मिळावी, परदेशी गेला तर त्याचे अडू नये, एवढेच त्यांना हवे होते. कॅथलिक प्रजेला राजकीय हक्क मिळवून देणारा थोर पुढारी डॅनियल ओकॉनेल स्वतः आयरिश बोलत मोठा झाला होता. पण व्यवहारात इंग्रजीच उपयोगाची असल्याने आयरिश हळूहळू मागे पडली तरी आपल्याला खंत नाही, असे त्याचे मत होते. ही भूमिका आपल्या ओळखीची वाटते ना?

त्यानंतर दुष्काळ आला. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर बुरशीचा रोग पडला आणि तो वर्षानुवर्षे परतत राहिला. लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग केवळ बटाट्यावर जगत होता. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ साली ती ६५ लाख ५२ हजार भरली. सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, त्याहून अधिक जहाजांत बसून अमेरिकेला व इतरत्र गेली. त्या वर्षांत देशातून धान्य बाहेर जाणे मात्र थांबले नव्हते. मदतकार्याची सूत्रे लंडनच्या अर्थखात्यातील चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याच्या हाती होती. हे गृहस्थ पूर्वी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होते, मेकॉलेचे मेहुणे होते, आणि हिंदी लोकांना इंग्रजीतून शिक्षण द्यावे या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. पुढे १८५९ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले.

दुष्काळाने सर्वांत जास्त झोडपले ते पश्चिमेच्या गरीब आणि आयरिशभाषी भागाला. १८५१ च्या खानेसुमारीत भाषेचा प्रश्न प्रथमच विचारला गेला, तेव्हा आयरिश येणारे १५ लाख २४ हजार, म्हणजे सुमारे २३ टक्के उरले होते. १८९१ साली हा आकडा सुमारे ६ लाख ८० हजारांवर आला. केवळ आयरिशच येणारी माणसे १८५१ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास होती, ती १८९१ मध्ये ३८ हजारांच्या घरात आली. एका आयुष्याच्या अवधीत एवढा बदल घडला.

या पडझडीच्या काळातच जाग आली. डग्लस हाइड हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याने आयरिश शिकली ती आपल्या गावच्या म्हाताऱ्या शेतकरी-मजुरांकडून. १८९२ साली त्याने डब्लिनमध्ये दिलेले भाषण गाजले आणि पुढल्या वर्षी, १८९३ मध्ये, त्याने इओइन मॅकनील आदी सहकाऱ्यांसह गेलिक लीग स्थापन केली. थोड्याच वर्षांत तिच्या शेकडो शाखा निघाल्या. रात्रीचे वर्ग, नाटके, उत्सव, सहली यांनी शहरी तरुण भाषेकडे वळले. ईस्टरच्या उठावाचा पुढारी पॅट्रिक पिअर्स हा याच लीगच्या नियतकालिकाचा संपादक आणि शाळामास्तर होता. ३ मे १९१६ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. लीगने राजकारणात उतरू नये असे मानणाऱ्या हाइडने १९१५ मध्येच अध्यक्षपद सोडले होते. पुढे १९३८ साली तोच देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

१९२२ मध्ये फ्री स्टेट अस्तित्वात आले आणि सरकारने भाषेचा भार शाळेवर टाकला. आयरिश सर्व शाळांत सक्तीची झाली. शालान्त प्रमाणपत्रासाठी तिच्यात उत्तीर्ण होणे १९७३ पर्यंत, तर सरकारी नोकरीत प्रवेशासाठी ती येणे १९७४ पर्यंत आवश्यक होते. १९३७ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने आयरिश ही राष्ट्रभाषा व पहिली अधिकृत भाषा ठरली, इंग्रजी दुसरी. ज्या भागांत ती अजून घरांत बोलली जाई त्यांना 'गेल्टाख्त' म्हणतात. १९२६ च्या आयोगाने त्यांच्या सीमा आखल्या. पण शाळेत शिकलेली आयरिश शाळेच्या फाटकातच राहिली. मुले व्याकरण घोकीत, गुण मिळवीत आणि घरी जाऊन इंग्रजी बोलत. दुसरीकडे गेल्टाख्तमधील खऱ्या भाषकांच्या पोटाला काम नव्हते, म्हणून ते बोटीत बसून इंग्लंड-अमेरिका गाठीत. केरीच्या किनाऱ्यापुढील ग्रेट ब्लास्केट बेटावर दोनशेही माणसे नव्हती. तरी त्या बेटाने टॉमास ओ क्रिहिन, पेग सेयर्स, मॉरिस ओसलिव्हन असे आत्मचरित्रकार भाषेला दिले. १९५३ साली तेथे उरलेल्या मोजक्या रहिवाशांना सरकारने मुख्य भूमीवर हलवले आणि बेट निर्मनुष्य झाले. पुस्तके राहिली, चुली विझल्या.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येतो. पश्चिमेकडील कॉनेमारा हा भाग म्हणजे खडक आणि दलदल. समुद्रातील शेवाळ आणि वाळू पाठीवरून वाहून आणून लोक दगडावर माती तयार करीत. उलट पूर्वेकडचा मीथ परगणा गवताळ आणि सुपीक. तेथे मोठमोठ्या कुरणांवर मूठभर मालकांची गुरे चरत. कॉनेमारातील आयरिशभाषी कुटुंबांना पूर्वेकडे जमिनी द्याव्यात, अशी मागणी १९३० नंतरच्या दशकात पुढे आली. 'मुइंतिर ना गेल्टाख्ता' म्हणजे 'गेल्टाख्तची माणसे' या नावाच्या संघटनेने ती लावून धरली. तीत मार्टीन ओ काइन हा तरुण शाळामास्तर होता. याच माणसाची १९४९ साली प्रसिद्ध झालेली 'क्रे ना किल्ले' ही कादंबरी पुढे आयरिश भाषेतील श्रेष्ठ कृती ठरली. संघटनेचे कार्यकर्ते सायकली मारीत कॉनेमाराहून डब्लिनला गेले आणि पंतप्रधान डी व्हॅलेरांपुढे त्यांनी आपले म्हणणे मांडले.

काम लँड कमिशनकडे आले. १८८१ मध्ये खंड ठरवण्यासाठी निर्माण झालेले हे खाते. १९०३ च्या कायद्यानंतर कुळांना जमीनमालक करण्याचे प्रचंड काम त्याने केले होते, आणि स्वराज्यात मोठ्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांचे वाटप करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला होता. १९३५ साली या खात्याने मीथमधील अथबॉय गावाजवळ राथ कार्न येथे कॉनेमारातील २७ कुटुंबे आणून बसवली. प्रत्येक कुटुंबाला सुमारे २२ एकर जमीन आणि एक घर मिळाले. शेती सुरू करण्यापुरती गुरे-डुकरेही मिळाली. मुले, म्हाताऱ्या, भांडीकुंडी, सामान यांसह ही माणसे जवळपास २०० किलोमीटर पूर्वेकडे आली. क्रॉमवेलने ज्यांना पश्चिमेला हाकलले, त्यांचीच भाषा जवळजवळ तीन शतकांनी त्याच सुपीक जमिनीवर परतली, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

कागदावर हे सरळ दिसते. पुनर्वसनाची प्रकरणे हाताळलेल्या कोणालाही ठाऊक असते, की नकाशावर गट पाडले म्हणजे गाव वसत नाही. मीथमधील भूमिहीन मजुरांनाही जमीन हवी होती. ती दूरच्या परक्यांना मिळाली, म्हणून त्यांचा रोष स्वाभाविक होता. आलेल्यांची भाषा त्यांना कळत नव्हती. आलेल्यांना नांगराची, खोल मातीची शेती नवी होती. २२ एकरांत एका कुटुंबाचे भागले, तरी सहा-सात मुलांचे पुढे भागणार कसे? अनेक मुले इंग्लंडला गेली. कॉनेमाराच्या जुन्या गायकीचा थोर गायक डारक ओ कहान लहानपणी आईबापांबरोबर राथ कार्नला आला आणि पुढे लीड्स शहरी स्थायिक झाला. आणि ज्या भाषेसाठी ही वसाहत वसवली, त्या भाषेचा प्रदेश म्हणून तिला सरकारी मान्यता मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. म्हणजे ३२ वर्षे हे गाव सरकारदरबारी गेल्टाख्त नव्हतेच. मान्यता मिळाली तीही तेथल्या रहिवाशांनी चळवळ केल्यावर. पुढे गावाने आपली सहकारी संस्था उभारली, शाळा वाढवली, आणि आज नव्वद वर्षे उलटल्यावरही राथ कार्नमध्ये आयरिश ऐकू येते.

याच परगण्यात १९३७ मध्ये बाले गिब ही दुसरी वसाहत झाली. तेथे कुटुंबे निरनिराळ्या परगण्यांतून आणली गेली. भाषा एकच, पण बोली वेगवेगळ्या. केरीच्या माणसाचे बोलणे डोनेगलच्या माणसाला अवघड जाई. मग शेजारधर्माला दोघांनाही येणारी इंग्रजी सोयीची पडे. जमीन तशीच, खाते तेच, परगणा तोच. तरी बाले गिबमध्ये आयरिशची पकड राथ कार्नच्या मानाने लवकर सैल झाली. राथ कार्नच्या लोकांनी मात्र आपली कॉनेमाराची बोली, गाणी, शेजारपाजार आणि भांडणेसुद्धा अखंड उचलून आणली होती.

तिसरे उदाहरण बेलफास्टचे. उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला राज्याचा पाठिंबा नव्हता. १९६९ मध्ये काही कुटुंबांनी शॉज रोडवर स्वतःच शेजारी शेजारी घरे बांधली आणि घरात फक्त आयरिश बोलायचे असे ठरवले. या बहुतेकांची ती जन्मभाषा नव्हती. त्यांनी ती मोठेपणी शिकली होती. १९७१ मध्ये त्यांनी ९ मुलांची शाळा काढली. तिला सरकारी अनुदान १९८४ मध्ये मिळाले. तोवर १३ वर्षे त्यांनी ती वर्गणीवर चालवली. त्या शाळेपासून उत्तरेत आयरिश माध्यमाच्या शाळांची परंपरा सुरू झाली.

आजची स्थिती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. १९७२ मध्ये आयरिश आकाशवाणी केंद्र आणि १९९६ मध्ये दूरचित्रवाहिनी सुरू झाली. २००३ मध्ये अधिकृत भाषा कायदा झाला. २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. २०२२ च्या खानेसुमारीत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी, आपल्याला आयरिश येते असे लिहून दिले. मात्र शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले केवळ ७२ हजारांच्या आसपास. खुद्द गेल्टाख्तच्या १ लाख ६ हजार वस्तीत असे लोक २० हजारांहून थोडेच अधिक होते. भाषा 'येणे' आणि भाषा 'बोलणे' यांतील अंतर या आकड्यांइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आता आपल्याकडे पाहू. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या मागोमाग आपले पूर्वज आले, तेव्हा दरबार मराठी होता. बेळगाव-गोव्याकडे तर मराठी मातीतलीच होती. आज आपल्या घरांत गणपती बसतो, पुरणपोळी होते, आडनावे जशीच्या तशी आहेत. पण नातवंडाला मराठीत विचारावे आणि उत्तर हिंदीत, गुजरातीत, कानडीत किंवा इंग्रजीत यावे, हा अनुभव किती घरांत नवा राहिला आहे? खानेसुमारीच्या रकान्यात आपण 'मातृभाषा मराठी' असे अभिमानाने लिहितो. आयर्लंडचे १८ लाखही तसेच लिहितात. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली घातलेले ३५०-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगते. ते कलम मोलाचे आहे आणि त्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. पण घरात जे बोलले जात नाही, ते कलमामुळे बोलले जाईल, असे आयर्लंडचा अनुभव तरी सांगत नाही.

बाले गिबची आठवण आम्हांस आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. इंदूरच्या मराठीत हिंदी फार, बडोद्याच्या मराठीत गुजराती, बेळगावच्या मराठीला कानडी हेल, असे म्हणून आपणच एकमेकांना हसतो. पुण्याहून आलेला पाहुणा चूक काढतो आणि घरातला मुलगा मराठी बोलायचेच सोडून देतो. त्याने चुकीचे मराठी बोलावे, परंतु बोलावे. हेल ऐकून हसू येत असेल, तर ते वडीलधाऱ्यांनी गिळावे.

शेवटी एक सूचना मंडळापुढे ठेवतो. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने ५ हजारांहून अधिक प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितले, की घरातल्या व शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, म्हणी, औषधे, खेळ, जुन्या विहिरींची व शेतांची नावे लिहून आणा. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पाने भरली. हा साठा आज डब्लिनमध्ये जतन केलेला आहे. त्या कामाला मोठा खर्च लागला नाही. मुलाने आजीपुढे बसावे आणि आजीने बोलावे, एवढेच लागले. आपल्या मंडळाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत सभासदांच्या घरच्या प्रत्येक मुलाला एक शंभर पानी वही द्यावी. आमचे घराणे या गावी कोणत्या कामाने आले, पहिला वाडा कोठे होता, आजीच्या माहेरी कोणती ओवी म्हणत, अशा दहा-बारा प्रश्नांची यादी सोबत असावी. वही मराठीत भरायची, अक्षर आणि व्याकरण कसेही चालेल. वह्या गोळा करून मंडळाच्या कपाटात लावण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.